आमरसाच्या काठावर दोन जांभळं

आज जेवताना यांनी आमरसाची दुसरी वाटी ओढली आणि नैवेद्यावर तुळशीचं पान ठेवावं तशी काठावर दोन जांभळं ठेवली.

"अहो, शुगर आहे ना तुम्हाला?"

"म्हणून तर जांभळं खातोय. साखर ओढून घेतात ती," असं म्हणत यांनी जांभळी झालेली जीभ ओठांवरून फिरवली.

वैताग येतो मला. जांभळाशी माझं भांडण नाही. गुणी फळ आहे, थोडाफार उपयोग होतही असेल. पण आपण चालायला जायचं नाही, भात कमी करायचा नाही, गोळी आठवली तर घ्यायची, आणि त्या एवढ्याशा फळाने सगळं निस्तरायचं. घरातलं सगळं धाकट्या सुनेवर ढकलतात ना, तसं.

दुपारी हे कोपऱ्यावरून आणखी जांभळं घेऊन आले. पुडा माझ्या हातात देताना चेहरा अगदी खुशीत होता. माझी नजर खाली गेली. डाव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठेतरी निसटली होती. तापलेल्या डांबरावरून हे तसेच चालत आले होते, आणि त्यांना ना चप्पल निसटलेली कळली होती, ना पायाला बसलेला चटका.