काठाचे खळगे

“याला आत कोणी घेतलं? कोळशाची धूळ असेल अंगावर,” आमच्या लॅबचा डायरेक्टर म्हणाला.

माझा बा होता तो. राजूरच्या खाणीतून रिटायर झालेला. त्या दिवशी दोनदा आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यवतमाळला, मी काम करायची त्या लॅबमध्ये आला होता. दारात हात जोडून म्हणाला, “जयभीम, साहेब.” डायरेक्टर लॅब बघायला आलेल्या पाहुण्यांकडे बघून हसला. बाला बाहेर बसवलं, चपलांच्या रॅकजवळ.

आणि आत स्क्रीनवर बाच होता. त्याच्या नाकातून ब्रशनं काढलेल्या पेशी, हिरव्या-निळ्या चमकत होत्या. ती प्लेट मी भरली होती. राजूरच्या खोकणाऱ्या माणसांच्या पेशी बारक्या खळग्यांत ठेवायच्या, प्रत्येक खळग्यात वेगळं औषध टाकायचं. पुढचं मशीन बघतं. आपोआप फोटो काढतं, कोणत्या औषधानं आजारी पेशी सुधारल्या ते शोधतं. औषध निघालं तर आधी राजूरला, असं घरोघर मीच सांगितलं होतं. शब्द डायरेक्टरचा. तोंड माझं.

मी पाहुण्यांसमोर विचारलं, “सर, या पेशी बाहेर बसलेल्या माणसाच्या आहेत. माझ्या बापाच्या. औषध आधी राजूरला मिळणार ना?”

डायरेक्टर इंग्रजी सोडून मराठीत आला. मला नीट लागावं म्हणून.

“प्लेटच्या काठचे खळगे असतात ना? त्यात आपण नुसतं पाणी भरतो. मधले सुकू नयेत म्हणून. त्यांना कोणी मोजत नाही. तुम्ही लोक तेवढंच काम करा.”

पाहुणे हसले.

मी ॲप्रन काढला, त्याच्या खुर्चीवर टाकला. बाहेर आले.

“काहून व आली? मशीन बंद पडली का?” बानं विचारलं.

“नाही बा. बंद पाडाची आहे.”

पेशी वापरायला दिलेली परवानगी कधीही मागे घेता येते. हे त्यांनीच आम्हाला वाचून दाखवलं होतं. आता मी पुन्हा त्याच घरांत फिरून राह्यली. घरामागून घर परवानगी काढून घेतंय. डायरेक्टरचा फोन आला, “औषध अडलं तर मरतील तुमचेच.”

मरतच होतो. तुमच्यासाठी फोटो देत देत.

डायरेक्टर, राजूरच्या चौकात ये. बाच्या शेजारी बस. सगळ्यांसमोर शब्द दे. तोवर एक नाक पुढे होणार नाही. अख्खी प्लेट काठाची करून टाकू. काढू दे तुझ्या मशीनला पाण्याचे फोटो.