जैनबबाईने धीर धरला

सावली गावच्या आठवडी बाजारात जैनबबाईच्या पथारीभोवती बायकांचा गराडा असायचा. कितीही राठ हात तिच्या बोटांत आला की मऊ पडायचा, काचेची बांगडी न तडकता चढायची. नवरा गेल्यावर याच धंद्यावर तिने मुलाला, अनसला, वाढवलं.

२००३ साली तिला शौचातून रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणत तिने वर्ष झाडपाल्यावर काढलं. बसणंच अवघड झालं तेव्हा अनसने तिला नागपूरला नेलं. गुदाशयाचा कॅन्सर निघाला, आणि तोही अगदी खाली.

"लगेच ऑपरेशन केलं तर शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी किरणांचा शेक देऊ. गाठ आटली तर आहे ती वाट वाचेल."

महिनाभराहून जास्त शेक चालला. कातडी सोलवटली, जुलाबांनी ती अर्धी झाली. शेक संपला, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दीड-दोन महिने घरी जा.

अनस भडकला. "गाठ अंदर आहे न् तुमी घरी जा म्हणता? आताच काऊन नाई कापत?"

"किरणांनी पेशी जागच्या जागी मरत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिच्या आतला धागा तुटतो. ती काही दिवस तशीच जगते, पण एकीच्या दोन व्हायला गेली की कोलमडते. चांगल्या पेशीही दुखावतात, पण त्या आपला धागा बराचसा सांधून घेतात. म्हणून थांबायचं. तुम्ही घरी असाल तेव्हाही गाठ आटतच राहील."

अनसला काही ते पटलं नाही. जैनबबाईला पटलं, तरी मनातली धाकधूक जाईना.

शेजारची इंदुताई पेज घेऊन यायची. "बसून काऊन राह्यली, जैनबबाई? दुसरा डॉक्टर पाह्य न."

"बसून नाई राह्यली मी. अंदर काम चालू आहे."

आणि खरंच, रक्त थांबलं. खाली सतत वाटणारा जडपणा ओसरला.

ऑपरेशन झालं आणि वाट वाचली. आतली जखम भरून येईपर्यंत काही महिने पोटावर पिशवी होती, एवढंच. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर गाठीच्या जागी नुसता वण होता. कॅन्सरची जिवंत पेशी एकही सापडली नाही.

"असं थोड्यांच्याच नशिबी येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. "तपासणीला मात्र येत राहायचं."

"येईन न. पन जितलो न् आपण?"

"जिंकलो, जैनबबाई."

अनस भिंतीकडे तोंड करून रडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग स्वतःच हसत सुटली.

पिशवी निघाल्यावर ती पुन्हा बाजारात बसली, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. बांगडी चढवता चढवता बायकांना बेधडक विचारू लागली, "रक्त पडते काय? मंग लाजू नको, दवाखान्यात जाय." पुढच्याच वर्षी तिने तसंच रक्त पडणाऱ्या एका गिऱ्हाइकाला, नीलाबाईला, स्वतः एसटीत बसवून नागपूरला नेलं. तिथे शेकानंतर थांबायचं ऐकून नीलाबाईचा चेहरा पडला, तेव्हा तिला समजवायला डॉक्टरीणबाईंची गरजच पडली नाही.