यादीतला पहिला नंबर

एकतीस वर्षं व्हर्नेटा कोल्टरनं माणसं मागून पाहिली. खेळ सुरू झाला की ती पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभी राही आणि तिच्यापुढं खालपर्यंत नुसत्या पाठी असत. कुणाचं टक्कल वाढलं, कुणाच्या शेजारची खुर्ची यंदा रिकामी आहे, कोणत्या नवऱ्याचा हात बायकोच्या खांद्यावरून निघाला तो निघालाच, हे सगळं तिला पाठीवरून कळे. मैदानावर फेरीमेन, म्हणजे शहराचा बेसबॉल संघ, जिंकले की हरले, हे मात्र तिला घरी गेल्यावर रेडिओवरून कळायचं.

जागा दाखवणं हे तिचं काम. तिकीट बघायचं, पुढं होऊन पायऱ्या उतरायच्या, खुर्ची लोकरी हातमोज्यानं पुसायची, बाजूला सरायचं. "बसा, आणि आज ओरडण्यात कमी पडू नका." हे एक वाक्य तिनं किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे, पण प्रत्येक वेळी त्या माणसाला वाटे की ते आपल्याचसाठी आहे.

मैदान शहराच्या पोटात होतं, नदी आणि बिअरच्या कारखान्याच्या मध्ये. वारा पूर्वेचा असला की सगळ्या स्टँडला उकडलेल्या सातूचा वास यायचा. व्हर्नेटाच्या घरापासून सात गल्ल्या. निळा कोट घालून ती निघाली की ओसरीवरची म्हातारी माणसं विचारत, "आज कोण हरायला आलंय, व्हर्नेटा?" ती म्हणे, "आपलेच."

मैदानाच्या तळघरात बॉयलरशेजारी एक खोली होती. दर मार्चमध्ये तिथं यादी लागे. एकशे बारा नावं, नोकरीच्या वर्षांप्रमाणं. ज्याचं नाव वर तो आधी आपला स्टँड निवडणार. वर सरकायचं तर वरच्या कुणी तरी मरायला हवं, गाव सोडायला हवं, नाही तर एका हंगामात तीनदा उशिरा यायला हवं. तिसऱ्या उशिराला नाव सगळ्यांच्या तळाशी जाई, वर्षं कितीही झालेली असोत. ह्या नियमानं गेलेल्या दोघांच्या जागेवर व्हर्नेटा एकेक पायरी चढली होती. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. वेळेवर यायला काय लागतं, असं ती म्हणे.

तिला हवा होता तो पहिला स्टँड. बॅट घेऊन खेळाडू जिथं उभा राहतो त्याच्या बरोबर मागचा. ती लहान असताना तिची आई तिथं शेंगांची टरफलं झाडायची, सगळे लोक गेल्यावर. लोक बसलेले असताना आई त्या स्टँडमध्ये कधी उभी राहिली नाही, त्या काळी काळ्या माणसांना तशी मुभाच नव्हती. व्हर्नेटानं हे कुणाला सांगितलं नाही. ती फक्त यादी बघत राहिली. सत्याण्णवावरून साठ, साठावरून एकोणीस, मग सात, मग दोन.

एकवर होते लूशस टिब्ज. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

"पोरी, माझ्या गुडघ्यांकडं अशी बघू नकोस," ते म्हणत. "अजून दहा वर्षं काढणार आहेत ते."

"मी कुठं बघतेय, मिस्टर टिब्ज? मी आपली रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते."

"कोणत्या बाजूनं करतेस ते मला ठाऊक आहे."

आणि मग बातमी आली की संघ जाणार. मालकांनी पश्चिमेला चोवीस मैलांवर, टॅनर काउंटीत, मक्याची जमीन घेतली होती. तिथं नवं मैदान, भोवती बावीस हजार गाड्या लावायची सोय, एक तळंसुद्धा. तिकिटं घेणारे बरेचसे आता तिकडंच राहतात, असं पेपरात आलं. ते खरंच होतं. व्हर्नेटानं त्यांच्याच खुर्च्या पुसल्या होत्या.

शेवटच्या सामन्याला लोक रडले. काहींनी खिशात माती भरली. तिच्या चौदाव्या स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत डेल आणि मार्ज हॉफस्टेटर बसत, बावीस वर्षांपासूनचे. मार्जनं तिला मिठी मारली. व्हर्नेटाचा नवरा गेला तेव्हा ह्याच मार्जनं भाजलेलं हॅम पाठवलं होतं, आणि मार्जच्या मुलीचा घटस्फोट व्हर्नेटाला मार्जच्या बहिणीच्या आधी कळला होता.

"आम्ही तर नव्या मैदानापासून दहा मिनिटांवर," डेल म्हणाला. "यायची काही अडचण आली तर नुसता एक फोन करा, मिस व्हर्नेटा. नुसता एक." त्यानं तिकिटामागं नंबर लिहून दिला.

खाली तळघरात टिब्ज कोटाची बटणं काढत होते.

"मी नाही जात," ते म्हणाले. "मका बघायला तेवढ्या लांब कोण जाईल? तू पहिली झालीस, पोरी. घे."

एकतीस वर्षं ज्या क्षणाची तिनं वाट पाहिली तो असा येईल, एका म्हाताऱ्यानं काढून ठेवलेल्या कोटासारखा, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हॉफस्टेटर नेतो म्हणालेत," ती म्हणाली.

"नेतील की. चांगली माणसं आहेत." टिब्जनी कोटाची घडी घातली. "पण ती तुला त्या पायऱ्यांवर ओळखतात, व्हर्नेटा. पायऱ्या सोडून कुठं भेटलीयेस त्यांना? एकदा तरी?"

"तुम्हाला माझा हेवा वाटतोय."

"तोही वाटतोय," टिब्ज म्हणाले.

तिला गाडी चालवता येत नव्हती. सात गल्ल्यांसाठी कोण शिकेल? एक्केचाळीस नंबरची बस पश्चिमेला जायची, पण काउंटीच्या हद्दीवर, एका टायरच्या दुकानासमोर, वळून परत यायची. तिथून मैदान पुढं चार मैल. टॅनर काउंटीनं तीनदा मत देऊन बस नको म्हटलं होतं.

फेब्रुवारीत नव्या व्यवस्थापकानं, मिस्टर प्रुइटनं, सगळ्यांना बोलावलं. तरुण माणूस, हसरा, हातात कागद. "कुणाला येण्याजाण्याची अडचण आहे? मोकळेपणानं हात वर करा. आपण मार्ग काढू."

नऊ जणांनी हात वर केले. व्हर्नेटानं आपला हात मांडीखाली दाबून धरला. मार्चमध्ये यादी लागली तेव्हा त्या नऊ जणांची नावं तिच्यात नव्हती. "यंदा जागा कमी आहेत," असं त्यांना पत्रानं कळवलं होतं. यादीच्या माथ्यावर होतं कोल्टर, व्ही. तिनं त्या नावावर बोट ठेवलं. मग तिला दिलेल्या कागदावर 'कामावर कसे येणार' ह्या प्रश्नापुढं 'स्वतःची गाडी' असं लिहिलं आणि सही केली.

पहिल्या नंबरच्या हक्कानं तिनं सगळे दुपारचे सामने मागून घेतले, म्हणजे परतीची बस सापडेल. पहिल्या सामन्याला हॉफस्टेटर टायरच्या दुकानापाशी वेळेच्या आधी पाच मिनिटं उभे होते. मार्जनं खिडकीतून हात हलवला. व्हर्नेटा मागच्या सीटवर बसली, गुडघ्यावर पर्स घेऊन.

पायऱ्यांवर ह्या तिघांचं बोलणं कधी संपत नसे. गाडीत ते सुरूच होईना.

"हवा छान आहे," मार्ज म्हणाली.

"छान आहे," व्हर्नेटा म्हणाली.

डेलनं रेडिओ लावला. पुढच्या दोघांच्या मानांकडं बघताना व्हर्नेटाच्या लक्षात आलं की आपण ह्यांना पुन्हा मागूनच बघतो आहोत, आणि तरी ही माणसं निराळी आहेत. ह्यांना घर आहे, घराकडं जाणारे रस्ते आहेत, त्या रस्त्यांवर आपल्याला एकही दुकान ओळखू येत नाही.

पहिला स्टँड मोठा देखणा होता. खुर्च्यांना गाद्या, वर छप्पर. धूळ नव्हती, त्यामुळं पुसण्यासारखं काही नव्हतं. लोक आतल्या हॉटेलसारख्या खोलीतून फोन बघत बघत थेट आपल्या खुर्चीवर येत. तिनं पुढं होऊन हात केला की ते दचकत. पहिल्या दिवशी एका गृहस्थानं तिला स्वच्छतागृह विचारलं आणि एका बाईनं वाइन. तरी पण खेळाडू बॅट घेऊन तिच्या समोर उभा राहिला, चाळीस हजार माणसं ओरडली, आणि निळ्या कोटातली व्हर्नेटा कोल्टर लोक बसलेले असताना त्या स्टँडमध्ये उभी होती. तिचे डोळे भरून आले. ते पुसायला मात्र तिनं बाहेर जाणं पसंत केलं.

सामना संपल्यावर स्टँड रिकामा करून ती बाहेर यायला पाऊण तास गेला. डेल गाडी चालू ठेवून बसला होता. मार्ज जरा जास्तच बोलली.

बस तिला जुन्या मैदानावरून नेत असे. तिथं आता कुंपण घातलं होतं. कुंपणालगतच्या फुटपाथवर टिब्ज घडीची खुर्ची टाकून बसलेले दिसत, पाडापाडी बघत. एकदा ती मुद्दाम उतरली.

"काय म्हणतो पहिला नंबर?" त्यांनी विचारलं.

"मऊ गाद्या आहेत," ती म्हणाली.

"मग रडवेली का दिसतेस?"

"धूळ आहे इथं. तुमच्या नाकातोंडात जात नाही वाटतं?"

"जाते ना. चौदावा स्टँड काल पाडला. तू माझ्या छातीत आहेस."

ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि तिनं त्यांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं घडून गेलं होतं. मे महिन्यात हॉफस्टेटरांच्या नातवाचा वाढदिवस होता, ते बारा मिनिटं उशिरा आले आणि यादीच्या रजिस्टरात तिच्यापुढं पहिली खूण पडली. पुढच्या वेळी मार्जनं आदल्या दिवशी कळवलं की ह्या सामन्याची तिकिटं शेजाऱ्यांना दिली आहेत. व्हर्नेटानं टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला वाट चुकला. दुसरी खूण.

"गाडीचं काही बिघडलंय का, मिस कोल्टर?" प्रुइटनं आपुलकीनं विचारलं.

"वाहतूक," ती म्हणाली. "फार वाहतूक होती."

जूनच्या एका गुरुवारी ती टायरच्या दुकानापाशी उतरली. ऊन कडक होतं. ठरलेली वेळ होऊन गेली, मग आणखी वीस मिनिटं. तिनं फोन केला.

"अगं बाई!" मार्जचा आवाज लांबून आला, मागं पाण्याचा आवाज. "मिस व्हर्नेटा, आम्ही तर सुट्टीला लांब, तळ्यावरच्या घरी आलोय. डेलनं तुम्हाला सांगितलं नाही? डेल! तू सांगितलं नाहीस?" मग मागून डेलचं काही तरी अस्पष्ट. "तो म्हणतोय, मला वाटलं तू सांगितलंस. किती वाईट झालं! तुम्हाला दुसरं कुणी मिळेल ना?"

"मिळेल की," व्हर्नेटा म्हणाली. "मजा करा तुम्ही."

दुकानातल्या माणसानं टॅक्सीसाठी दोन ठिकाणी फोन लावून पाहिला. सामन्याच्या दिवशी तासाभराच्या आत कुणी यायला तयार नव्हतं. मग ती चालू लागली.

रस्त्याला फुटपाथ नव्हता. कडेला उंच गवत आणि त्यात फेकलेले डबे. गाड्या तिच्या कोटाला वारा घालत जात होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर फेरीमेनचे झेंडे होते. एकदोघांनी हॉर्न वाजवला. तिला वाटलं कुणी तरी थांबेल, बावीस हजार गाड्यांतल्या कुणी तरी चौदाव्या स्टँडमधलं असेल, निळा कोट ओळखेल. तिसऱ्या मैलावर गाडी थांबली ती पोलिसाची.

"मॅडम, एक बाई रस्त्यानं चालतेय म्हणून फोन आलाय. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी कामावर चाललेय."

"चालत?"

त्यानं तिला मागच्या जाळीपलीकडच्या सीटवर बसवलं आणि मुख्य दरवाजाशी सोडलं. आतून ते दार उघडत नाही, तो बाहेरून उघडेपर्यंत तिला बसून राहावं लागलं. तिकिटं हातात घेतलेले लोक बघत होते. तिनं कोट झटकला, मान ताठ केली आणि आत गेली. एक तास दहा मिनिटं उशीर झाला होता. पहिल्या स्टँडमध्ये दुसरी मुलगी उभी होती, चांगली, हसतमुख.

प्रुइटनं दार लावून घेतलं. "नियम सगळ्यांना सारखा आहे, मिस कोल्टर. मला फार वाईट वाटतंय. पण तुम्हाला काढत नाहीये कुणी. नाव फक्त खाली जाईल. तळाच्या लोकांना बाहेर गाड्या लावायला उभं राहावं लागतं, छत्री मिळते. पण झालं तरी काय?"

"मला गाडी नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती."

"मग आधी सांगायचं होतंत ना!"

"हात वर करून?"

प्रुइट टेबलावरच्या कागदांकडं बघू लागला. मग त्यानं यादी ओढली आणि पेन घेतलं. पहिल्या ओळीवरून त्याचं पेन खाली, तळाकडं सरकू लागलं.

"खाली लिहू नका," व्हर्नेटा म्हणाली.

"काय?"

"आहे तिथंच राहू द्या, आणि तिथंच खोडा. मी पहिल्या नंबरवरून गेले असं दिसलं पाहिजे."

तिनं कोट काढून त्याच्या खुर्चीच्या पाठीवर नीट टांगला. खोडण्याची रेघ पूर्ण होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "येते," आणि निघाली.

बाहेर ऊन उतरत नव्हतं. गाड्यांच्या रांगा क्षितिजापर्यंत चकाकत होत्या आणि त्यांच्यामधून माणसानं चालत बाहेर कुठून पडायचं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ती एका रांगेतून गेली तर पुढं कुंपण, दुसरीतून गेली तर तळं. मागं अचानक चाळीस हजार माणसं ओरडली. काय झालं असेल? तिनं मान वळवली नाही.

छत्रीखालचा एक मध्यमवयीन माणूस पुढं आला. "मॅडम, इथून पायी जायला वाट नाही."

"आले तशी जाईन," व्हर्नेटा म्हणाली. "तुम्ही फक्त काउंटीची हद्द कुणीकडं ते दाखवा."

त्यानं पूर्वेकडं हात केला. ती गवतात उतरली.