न मागता दिलेलं

इनोके हल्ली एकही तक्रार करत नाही, ही गोष्ट माकेरेताच्या मनातून जाईना.

इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला तो ब्रिस्बेनला गेला, तेव्हा पहिलं वर्ष पोराने नुसत्या कुरकुरीत काढलं होतं. पावाने पोट भरत नाही. प्राध्यापक पळत सुटल्यासारखे बोलतात. "आई, एका फ्रिजमध्ये पाच जणांचं दूध आणि प्रत्येकाने बाटलीवर आपलं नाव लिहिलंय! मी चुकून दुसऱ्याचं प्यायलो, तर मीटिंग बोलावली. मीटिंग, दुधासाठी!" माकेरेता हसून हसून बेजार व्हायची. इकडे बेटावर, नौसोरीच्या शाळेत ती गणित शिकवायची, तिथे हा किस्सा तिने वर्गालाही ऐकवला होता.

मग त्याचं काम अडलं. वादळात छपरं कुठून सुटतात, यावर त्याचा प्रबंध होता. प्राध्यापक दर आठवड्याला समजावून सांगत आणि हा मान खाली घालून ऐके, घरी थोरांसमोर बसतो तसा. प्राध्यापकांना वाटलं, याला सगळं कळतंय. शेवटी चाचणी झाली तेव्हा उघड झालं की मांडणी मुळातच चुकली होती. कित्येक महिन्यांचं काम गेलं.

"ते म्हणाले, विचारलं का नाहीस?" इनोके फोनवर सांगत होता. "मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडून कसं विचारायचं गं?"

"विचार रे बाबा. तिथे चालतं."

"हो," तो म्हणाला.

त्या 'हो'नंतर तक्रारी थांबल्या. जेवलास? हो. झोपतोस ना? हो. काम परत सुरू केलंस? हो, आई, सगळं ठीक आहे. आवाज अगदी शांत. इकडे चर्चमध्ये पाद्री दर रविवारी नाव घेऊन प्रार्थना करत होते, "आमचा इंजिनियर इनोके." सगळं गाव 'आमेन' म्हणायचं. तीही म्हणायची.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर तिच्या अंगणात बायका जमल्या होत्या. लोवोच्या खड्ड्यावरची माती बाजूला करून तापलेल्या दगडांवरचं जेवण काढायचं चाललं होतं. नारळाच्या फांद्यांखालून कोंबडी आणि दालोच्या कंदांचा वास सुटला होता.

"अगं, इंजिनियरच्या आईने कशाला हात काळे करायचे?" शेजारची वसीती म्हणाली. "लेक मशीन पाठवेल, दगड आपोआप उचलले जातील."

"तू तोंडाने उचलतेसच की. मशीन कशाला हवं?"

बायका खिदळल्या. तेवढ्यात फाटकातून लितियाना आली. ही माकेरेताच्या भावाची, पेथेलीची मुलगी. ब्रिस्बेनलाच वाढलेली, कालच सुट्टीवर आली होती. तिच्या खांद्याला गिटार होती.

"आत्या, बघ! इनोकेने दिली."

ती गिटार माकेरेताने लगेच ओळखली. विमानात सामानात टाकायला नको म्हणून पोराने ती मांडीवर घेऊन नेली होती.

"मागितलीस ना सटवे?" वसीती म्हणाली. "मागितल्यावर बिचारा नाही कसा म्हणेल?"

"मी कुठे मागितली, काकी? घरी आला आणि हातात ठेवली. माझ्या भावाला बूट दिले, तो पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार म्हणून कॅल्क्युलेटर दिला. जाकीट पण कुणाला तरी देऊन टाकलं."

"जाकीट?" माकेरेताने विचारलं. "या थंडीत?"

"मोठ्या मनाचं पोरगं गं," वसीती म्हणाली. "परदेशात जाऊनही रीत विसरला नाही."

पण ही रीत नव्हती. कुणी मागितलं की द्यायचं, ही रीत. बूट मागा, होडी मागा, घरात राहायला जागा मागा, नाही म्हणायचं नाही. मागणाऱ्याने आधी तोंड उघडायचं असतं. कुणी काही न मागता घरातून एकेक वस्तू बाहेर जाताना माकेरेताने पाहिल्या होत्या, त्या फक्त माणूस गेल्यावर. तिचा नवरा गेला तेव्हा तिनेच त्याचे शर्ट असे वाटले होते.

"आणि बाबांशी समेटही झाला!" लितियाना दालो सोलत सांगत होती. इनोके आधी मामाकडेच राहत होता. पण तिथे रोज पाहुणे, यांगोना पिण्याच्या बैठका, गाणी. अभ्यास होईना म्हणून तो खोली घेऊन निघून गेला आणि रीतसर निरोप घ्यायचा राहिला. पेथेलीच्या ते मनाला लागलं होतं. "परवा यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन आला, बाबांसमोर गुडघ्यावर बसला, माफी मागितली. बाबा रडलेच. म्हणाले, भाचा शहाणा झाला."

बायकांनी तळवे वाजवून कौतुक केलं.

"आणखी काय म्हणाला?" माकेरेताने विचारलं.

"काही नाही गं. माझ्या आईकडे लक्ष ठेवा म्हणाला. मी म्हटलं, नाताळला तूच येतोयस की. तर नुसता हसला."

माकेरेता हातातली फांदी टाकून घरात गेली. इनोकेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो लागलाच नाही. काल व्हिडिओवर भर दिवसा त्याचा पडदा ओढलेला होता. मागची भिंत मोकळी होती आणि तिला वाटलं होतं, पोराने खोली आवरली वाटतं.

त्याच्या दारापर्यंत लगेच पोचेल असा एकच माणूस होता, पेथेली. आणि पेथेलीशी ती वयात आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, मान होता. त्यांच्या मूळच्या कांदावू बेटावर सख्खे बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप नवऱ्याकडून जायचे, तो गेल्यावर मुलांकडून.

"आत्या, काय झालं?" लितियाना दारात उभी होती. "बाबांना काही सांगायचंय? मी लावते ना फोन."

माकेरेताने तिच्याकडे पाहिलं. ही काय सांगेल? आत्या म्हणते, इनोकेकडे एकदा जाऊन या. पेथेली म्हणेल, अगं परवाच तर आला होता, छान आहे, जाईन पुढच्या आठवड्यात. खरा शब्द मधल्या माणसाच्या तोंडून उच्चारलाच जाणार नाही. आणि या पोरीच्या तोंडात तो शब्द घालायला तिचं मन धजेना.

"नंबर दे."

"अगं, मी बोलते की."

"नंबर दे, लितियाना."

"आत्या, तू... बाबांशी?"

वसीती दालोचं ताट घेऊन दारात आली होती. ती जागच्या जागी थांबली. "माकेरेता, असं नाही करत गं. लोक काय म्हणतील? पाद्रींना सांगू, ते बोलतील त्याच्याशी."

"पाद्री चर्चच्या बैठकीतून संध्याकाळी उठतील," माकेरेता म्हणाली.

भावाला काय म्हणून हाक मारायची, हेही तिला आठवेना. हाक न मारता सरळ सांगायचं, उठ, गाडी काढ, त्याच्या दाराशी जा, उघडलं नाही तर तोड, मी फोन ठेवत नाही.

तिने लितियानाच्या हातातून फोन घेतला आणि भावाचा नंबर लावला.