वच्छलाचं बोलणं

वच्छला गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुढच्या बैठकीचे कागद फाईलला लावत होते. पलीकडून तिची मुलगी पल्लवी बोलत होती. "म्याडम, आई गेली जी... न्यूमोनिया झालता." समोरच्या सदस्यांच्या यादीत तिसरं नाव वच्छलाचंच होतं. ते खोडायला हात धजला नाही. त्याला आता दीड महिना झाला. रेवा, निषाद, आजी निवृत्तीनंतर भंडाऱ्यात काय करते, असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी 'मीटिंगा' एवढंच सांगते. खरं उत्तर वच्छलापासून सुरू होतं, म्हणून हे लिहायला बसले.

ती अड्याळजवळच्या खेड्यातली, पंचेचाळिशीची, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, मजुरी करणारी. तिला सिकलसेल होता. हा जन्मापासूनचा रक्ताचा आजार. अंग गारठलं, थकलं की हाडांत असह्य कळा येतात. रोजच्या गोळ्यांनी त्या कमी होतात, पण गोळ्या मिळायच्या फक्त भंडाऱ्याला, म्हणजे अख्खा दिवस बुडायचा. या गोळ्या गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांत ठेवाव्यात का, हे ठरवण्यासाठी एक अभ्यास सुरू झाला आणि त्याच्या समितीत डॉक्टरांबरोबर दोन रुग्णांनाही घेतलं गेलं; त्यांतली एक वच्छला. दवाखान्याबाहेरची सदस्य म्हणून मलाही बोलावलं. मी जन्मभर इंग्रजी शिकवलेली, तेव्हा बैठकीचं इतिवृत्त लिहिणं ओघानेच माझ्याकडे आलं.

दुसऱ्याच बैठकीत डॉक्टरांनी तक्ता दाखवला. वर्षभरात सगळ्यांत कमी रुग्ण जुलैत दवाखान्यात आले होते. "म्हणजे पावसाळ्यात त्रास कमी असतो. गावात गोळ्या ठेवायची तेव्हा तरी गरज दिसत नाही," ते म्हणाले. वच्छला दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "साहेब, तुमी कधी रोवणीत आले का जी?" डॉक्टर हसून नाही म्हणाले. "जुलैत धानाची रोवणी असते. दिवसभर चिखलात वाकून परे लावा लागते. हाडं फुटून राहिले असते, पन एक बाई निघाली का पुरी रांग अडते. मंग दुसऱ्या दिवशी टोळीवाली मले काहून नेईन? दवाखान्यात कोनी येत नाई, म्हून दुखत नाई का?"

मी नेहमीच्या शिस्तीने इतिवृत्त तयार केलं, स्वच्छ इंग्रजीत, एका पानात. पुढच्या बैठकीत ते सह्यांसाठी फिरलं. वच्छलाने कागद माझ्याकडे सरकवला. "इंग्रजीत हाये. मोठ्यानं सांगा ना जी." मी मराठीत सांगितलं: तक्त्यावर चर्चा झाली, रुग्ण प्रतिनिधी हजर होत्या.

"अन् मी बोलली ते?"

"ते... चर्चेत आलं."

"हजर त खुर्ची बी होती, म्याडम."

ती हसत म्हणाली, पण सही केली नाही. मी कानकोंडी झाले. गोळ्यांचा निर्णय घेणारे लोक आमच्या खोलीत नव्हते. त्यांच्यापर्यंत जाणार होता तो हा कागदच. रोवणीची गोष्ट त्यांना दुसरीकडून कळायची नव्हती, आणि माझ्या सुबक वाक्याने तीच गाळून टाकली होती. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत लाल शाई वापरलेल्या मला माझी चूक एका न शिकलेल्या बाईने दाखवली, तीही कोणाचा अपमान न करता. त्या दिवशी मी इतिवृत्त पुन्हा लिहिलं, मराठीत आणि तिच्या शब्दांत. तेव्हापासून सह्यांआधी ते मोठ्याने वाचायचं, हा आमचा नियम झाला.

रुग्णांना द्यायच्या प्रश्नावलीत नवा प्रश्न आला: दुखत असूनही किती दिवस कामावर गेलात? उत्तरं जमली तेव्हा रोवणीचा महिना तक्त्यात सर्वांत वर होता. गेल्या वर्षी रोवणी सुरू व्हायच्या आधी गोळ्या उपकेंद्रात पोचल्या. वच्छला पहिलं पाकीट दाखवायला बसने माझ्या घरी आली, सोबत लाखोळीची डाळ. "पाहा म्याडम," ती म्हणाली, "खुर्ची बोलली." आम्ही दोघी इतक्या हसलो की चहा उतू गेला.

मागच्या आठवड्यात ती गेल्यानंतरची पहिली बैठक झाली. तिच्या जागी नाकाडोंगरीची सुनीता आली आहे, पंचविशीची, घरात दोन सिकलसेलची लेकरं. तीही दाराजवळच्याच खुर्चीत टेकली आणि बैठकभर एकदाच, अगदी हळू, काहीतरी म्हणाली. शेवटी मी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं, विचारलं, "काही राहिलं का?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पेनला टोपण लावलं. डॉक्टरांनी सहीसाठी कागद ओढला...

"म्याडम," दाराकडून आवाज आला, "माह्यं राहिलं जी."

मी टोपण पुन्हा काढलं.