बाबांच्या उशाशी जपाचं मशीन

माझ्या भावानं बाबांच्या उशाशी जपाचं मशीन लावलं, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा म्हणून मी काही करतही नाही. मशीन म्हणजे प्लगमध्ये खोचायची, साबणाच्या वडीएवढी डबी. बटण दाबलं की तिच्यातून एक भरदार आवाज पेटी-तबल्याच्या साथीनं एकच मंत्र गात राहतो, वीज असेपर्यंत. आता ती घरोघरी आहे, दुकानांत आहे, आमच्या गल्लीतल्या न्हाव्याच्या आरशाखालीसुद्धा आहे. लोकांना वाटतं, आपल्याकडे अखंड जप चालू आहे. जप करणारं घरात कोणी नसतं, एवढंच.

बाबा मूळचे नागपूरजवळच्या खापा गावचे. तरुणपणी तिथल्याच एका वृद्ध गुरुजींनी त्यांना मंत्र दिला. मग ते नागपूरला आले आणि इतवारीत भांड्यांच्या ठोक दुकानात मुनीम म्हणून जन्मभर राहिले. दिवसभर स्टीलचे डबे आपटायचे, पाण्याचे गुंड ठोकून बघितले जायचे, दारात हातगाड्यांची भांडणं. त्या ठणठणाटात बाबा जप करायचे. कोणाला कळायचं नाही. माळ नव्हती. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायचा, तोही गादीच्या आड. माळ का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, माळ दिसली की गिऱ्हाईक भाव करायचं सोडून पाया पडतं.

मंत्र काही गुप्त नव्हता. महादेवाचा, पाच अक्षरांचा, इथल्या निम्म्या ऑटोंच्या मागं लिहिलेला असतो तोच. गुप्त होतं ते त्यांचं म्हणणं.

मला तो त्यांच्याकडून मिळाला तेव्हा माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. गल्लीतल्या बायका मला बघून आवाज बारीक करायच्या आणि आई देवासमोर बसून रडायची, म्हणजे मला ऐकू जाईल एवढ्यानं. एका सकाळी दुकानात जायच्या आधी बाबांनी मला शेजारी चटईवर बसवलं. मला वाटलं, आता नवस बोलायला लावतात. मी आधीच सांगून टाकलं की मला देवाकडे काही मागायचं नाही.

"मागाचंच नाही आहे," बाबा म्हणाले. "मनाले खुंटीले बांधाचं आहे. लय हिंडते ते."

आधी मोठ्यानं म्हणायचं, मग ओठातल्या ओठात, मग नुसतं मनात. पुस्तकात याला वाचिक, उपांशु आणि मानस म्हणतात हे मी नंतर वाचलं. बाबा एवढंच म्हणायचे की ओठ हलले की मन पळालं. श्वास आपला जसा येतो तसा येऊ द्यायचा आणि मंत्र त्याच्यावर सोडायचा. घाई नाही. पहिले कित्येक महिने माझ्या मनात मंत्राबरोबर त्या मोडलेल्या लग्नातल्या साड्यासुद्धा फिरायच्या. फिरू दे, म्हणायचे, तू त्याइच्या मागं जाऊ नको. पुढं केव्हातरी साड्या गेल्या. शांती वगैरे मोठे शब्द मी वापरत नाही. पण दिवसातून थोडा वेळ आत कोणी बोलत नसे, मी स्वतःसुद्धा नाही. हे ज्याला मिळालंय त्यालाच त्याची किंमत.

लग्न पुढं मी केलंच नाही. शाळेत मास्तरीण झाले, आई गेली, भाऊ नोकरी करून प्रताप नगरात घर बांधून राहिला. इतवारीतल्या दुसऱ्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत बाबा आणि मी उरलो. सकाळी दोघं शेजारी शेजारी बसायचो आणि मग चहा ठेवायचो. गल्लीत मला म्हाताऱ्या बापाच्या गळ्यात पडलेली पोर म्हणत. म्हणोत. त्या खोल्यांत मी सुखी होते.

होळीच्या सुमारास बाबांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा भावानं मला न विचारता त्यांना आपल्याकडे नेलं. तू शाळेत, घर दुसऱ्या माळ्यावर, व्हीलचेअर चढणार कशी, असं तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भावानं त्यांचं सगळं केलं. अंग पुसलं, ओली चादर स्वतःच्या हातानं बदलली, एकदाही नाक मुरडलं नाही. म्हणून तर राग धड बाहेरही काढता येत नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

मी रोज संध्याकाळी शाळेतून तिकडे जायची. पहिल्याच आठवड्यात उशाशी ती डबी आली. वहिनीच्या माहेरच्या कोणीतरी दिली होती. जाणाऱ्या माणसाच्या कानावर देवाचं नाव पडावं ही जुनी रीत, तिला कोण नाही म्हणेल? भेटायला येणारे डबीला हात जोडायचे, मग बाबांकडे बघायचे. केवढं भाग्य, म्हणायचे. कानामागून आली अन् तिखट झाली, त्यातली गत.

मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण का ते नीट सांगता येत नव्हतं. ते कळलं मे महिन्यात, भर दुपारी. शाळेला सुट्ट्या होत्या, मी सकाळपासून तिथंच होते. वीज गेली. कूलर थांबला आणि डबीही थांबली. भाऊ कामावर होता, वहिनी आत निजली होती. मी वर्तमानपत्रानं बाबांना वारा घालत होते. थोड्या वेळानं त्यांचा डावा हात हलला. अंगठा करंगळीच्या पेरावर टेकला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग शेजारच्या बोटावर. जप उजव्या हातानं करायचा असतो. उजवा गेला होता, म्हणून ते डाव्यानं करत होते. चेहरा असा झाला होता जसा इतवारीत सकाळी चटईवर असायचा. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि डोळे मिटून त्यांच्याजवळ बसले. होळीपासून पहिल्यांदाच आम्ही दोघं बसलो.

मग वीज आली. कूलर घरघरला आणि डबी मोठ्यानं सुरू झाली, पेटी-तबल्यासकट. मी डोळे उघडले. बाबांचा अंगठा मधल्या पेरावर थांबला होता. तो पुन्हा पुढं सरकू लागला आणि पुन्हा थांबला. त्यांनी मान जेवढी वळते तेवढी डबीकडे वळवली. मग हात उघडा टाकून दिला.

बाईमाणसाला हे लगेच कळेल. आपण विणताना टाके मोजत असलो आणि शेजारी बसून कोणी दुसरेच आकडे मोठ्यानं म्हणू लागलं, तर काय होतं? भांड्यांचा आवाज बाबांना नडला नाही, कारण भांड्यांना शब्द नसतात. डबीत त्यांचेच शब्द होते, पण चाल दुसऱ्याची आणि श्वास दुसऱ्याचा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणीतरी त्यांच्या मनातलं काम त्यांच्या हातून काढून घेत होतं, आणि त्यांना नको म्हणायला जीभ नव्हती.

संध्याकाळी मी भावाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बोटं हलतात ती नसेमुळं, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तो म्हणाला.

"बाबानं जलमभर इतवारीच्या कल्ल्यात जप केला, ताई. त्याले या आवाजानं काय होते? अन् आता समजतेच किती त्याले?"

"समजत नाही, तर मंत्र कोणासाठी लावून राहिला गा?"

उत्तर वहिनीनं दिलं. देवाचं नाव बंद केलं तर पाप लागते, ताई, म्हणाली, अन् पाहुणे काय म्हणतील? पाप आणि पाहुणे ती एकाच श्वासात म्हणाली, आणि मला वाटतं, त्यात तिला काही वेगळं वाटलंही नाही.

मी ऐकलं नाही. मी तिथं पोचले की डबी काढून ठेवायची आणि निघताना परत खोचायची. तेवढ्या वेळात बाबांचा अंगठा फिरायचा. कधी मध्येच विसरायचा, पुन्हा करंगळीपासून सुरू करायचा. असे काही दिवस मिळाले. मग एकदा पाहुण्यांना डबी उशीवर बंद पडलेली दिसली आणि माझं नाव पुढं आलं. भावानं इलेक्ट्रिशियन बोलावला. डबी उंच भिंतीत ठोकली आणि तिची वायर कूलरच्या बटणावर घेतली. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तो म्हणाला, तेच बटण जवळ होतं. पण आता डबी बंद करायची तर कूलरही बंद होणार होता, आणि बाहेर नागपूरचा मे महिना.

एकदा मी दोन्ही बंद केली. वारा घालायला घरून पंखा नेला होता. बाबांचा अंगठा सुरू झाला. त्यांच्या कपाळावर घाम आला, गळ्यात आला, बनियन भिजलं. मी एका हातानं पुसत होते, दुसऱ्यानं वारा घालत होते. ते थांबले नाहीत. घामाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. तेवढ्यात वहिनी आत आली, तिनं बटण दाबलं आणि बाबांचं कपाळ पदरानं पुसत रडायला लागली. तिला खरंच वाटलं की मी म्हाताऱ्याचे हाल करतेय. भाऊ आल्यावर तो मला दारापर्यंत सोडायला आला.

"तू ये ताई, रोज ये. पण बटणाले हात लावू नको. मले हात जोडाले लावू नको."

त्यानं खरोखर हात जोडले होते. घर त्याचं, सेवा त्याची, आणि बाप त्याच्या ताब्यात. मी जात राहिले. डबी गात असायची आणि मी बाबांचा डावा हात धरून बसायची. तो हात पुन्हा हलला नाही.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी फोन वाजला. भाऊ बोलायच्या आधी मला मागून डबी ऐकू आली. त्यावरून कळलं नाही, ती तर रोजच असायची. मग भाऊ रडला तेव्हा कळलं. शेवटपर्यंत कानावर नाव होतं ताई, तो म्हणाला. तो हे मला दिलासा म्हणून सांगत होता. मी हो म्हटलं.

तेरवीला जेवणं झाल्यावर भावानं प्रत्येकाच्या हातात बाबांची आठवण म्हणून एक खोकं दिलं. वर बाबांचा फोटो चिकटवलेला. आत डबी. सगळी आमच्याच इतवारीतून ठोकमध्ये आणली होती, मी राहते तिथून चार दुकानं टाकून. लोक म्हणाले, वा, भांडी वाटण्यापेक्षा हे चांगलं. मीही दोन्ही हातांनी घेतलं.

माझं खोकं मी उघडलेलं नाही. कपाटाच्या वर आहे, फोटो भिंतीकडं करून. भावानं नंतर विचारलं, लावते का ताई? मी म्हटलं, गरज पडत नाही.

आणि ते खरं आहे. सकाळी मी त्याच चटईवर बसते, ओठ मिटते, श्वास येऊ देते. मंत्र येतो. पण माझा येत नाही, बाबांनी दिला तसा येत नाही. तो भरदार आवाज येतो, पेटी-तबल्यासकट, त्याच चालीत. मी हळू म्हणून पाहिलं, मोठ्यानं म्हणून पाहिलं, पहिल्या दिवसासारखं पुन्हा पहिल्यापासून शिकून पाहिलं. साड्या गेल्या होत्या, हा जात नाही. बाबांकडून मला तेवढी एकच गोष्ट मिळाली होती. भावानं तीही नेली आणि त्याला पत्ताही नाही. त्या खोलीत बाबांनी काय सोसलं असेल हे मला आता रोज सकाळी कळतं. मग मी जप अर्धाच टाकते आणि चहा ठेवायला उठते, एका कपाचा.