देवघराची भिंत

समई निम्मी चिंचेनं घासून लखलखीत झाली होती, निम्मी अजून काळीच. तेवढ्यात सासूबाईंची, म्हणजे आक्कांची, हाक आली आणि शालूबाई तशाच ओल्या हातानं उठल्या.

"बघ की, भिंतीला पोट आलंय!" आक्का देवघरातून ओरडत होत्या.

भिंतीला चिकटवलेला गुलाबाच्या फुलांचा कागद ओलीनं फुगून लोंबत होता. शाहू महाराजांच्या राज्यात गावात बंगले उठू लागले, तेव्हाची ही हौस. एका साहेबाच्या लिलावातून शालूबाईंचे मालक बाळासो यांनी कागदाच्या गुंडाळ्या आणल्या; पुढच्या सोप्याला लावून उरला तो देवघराला. आता टूम निघाली होती दाणेदार गिलाव्याची. सोपा गौस गवंड्यानं तसा करून दिला होता. राहिलं होतं देवघर, आणि दसऱ्याचे घट तोंडावर आले होते.

यंदा पहिल्यांदाच आक्का शालूबाईंच्या हातानं घट बसवणार होत्या. "पर खोली अशी उघडीनागडी असली, तर घट इचलकरंजीला थोरल्या सुनंकडं," असंही त्यांनी बजावलं होतं. लग्न होऊन आल्यापासून शालूबाई ज्या दिवसाची वाट बघत होत्या, तो असा भिंतीपाशी येऊन अडकला.

त्यात आक्कांच्या देवघरात सोवळ्याशिवाय पाऊल नाही, आणि देव जागचे हलवायचे नाहीत. मग गौस उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला, आणि शालूबाई सोवळं नेसून, देवांवर धूतवस्त्र झाकून, उलथन्यानं भिंत खरवडू लागल्या.

"वैनी, थालपीट उलटताय का? कडंनं घाला, कडंनं!"

"तुझं तोंड तेवढं चालतंय, गौसभाई."

"हात चालवू देत न्हाईसा, मग काय करू?"

कागद निघाला. शालूबाईंनी गौसच्या करणीनं पहिला चुना लावला. तो क्षणभर धरला आणि थपकन आक्कांच्या पायाशी पडला. दुसऱ्यांदाही तेच.

गौसनं कागदाचा तुकडा मागून घेतला, बोटांत चोळला, हुंगला. "ही पिठाची खळ न्हाई. सरस हाय. त्याचा थर भिंतीवर तसाच हाय, चुना धरंल कसा?"

"सरस म्हंजे?" आक्कांनी विचारलं.

"जनावराचं कातडं उकळून करत्यात, आक्का."

त्याच भिंतीला पाठ टेकून आक्का रोज जप करत. त्या सावकाश पुढं सरकल्या. "येऊ दे बाळासोला घरला," एवढंच म्हणाल्या.

शालूबाईंनी पुन्हा आंघोळ केली, दुसरं सोवळं नेसलं आणि देवांचा पाटच उचलला.

"अगं, काय करतीयास?"

"सैपाकघरात नेते. घट बसल्यावर देव हलवू नयेत. अजून कुठं बसलाय घट? आणि देवच नसले तर खोलीला सोवळं कुणाचं?"

आक्कांनी पाटाला वाट करून दिली. मग उंबऱ्याकडं वळून म्हणाल्या, "गौस, पाय धुऊन ये. बसलायस काय पावण्यागत!"

गौसनं ऊन पाण्यानं सरस धुऊन काढला, छिन्नीनं भिंतीला टोचे दिले, गिलावा चढवला आणि ओला असतानाच काथ्याच्या कुंचल्यानं थोपटून दाणा उठवला. या खेपेला चुना जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी भिंतीवरून हात फिरवला. "जप करताना पाठ खाजवायला बरी झाली."

"घट उठंस्तवर टेकू नका, आक्का. आत ओल हाय अजून," गौस म्हणाला.

"घटाला माती कळंब्याच्या शेतातली आण म्हणावं गड्याला," आक्का सुनेला म्हणाल्या. इचलकरंजीचं नाव त्यांनी काढलं नाही.

माती गडी आणणार होता. शालूबाईंनी निम्मी समई तशीच बाजूला सारली, पदर खोचला आणि घटाचं मडकं आणायला कुंभारगल्लीकडं निघाल्या.